चेहरा नसलेली बाई

रहाटणीतल्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर हुसेन यांच्या एका चित्राची छापील प्रत आहे. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर आडवं घेतलेलं मूल, आणि पदराखाली जिथे चेहरा असायला हवा तिथे नुसता काळोख. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्यांदा येणारी बाई वाण घेता घेता तिकडे बघते आणि विचारते, "अहो, चेहरा काढायचा राहिला का?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. तो विचारणारीनं चित्राकडे खरोखर बघितलेलं असतं. वाईट वाटतं ते पुढच्या वाक्याचं: "आम्हाला काही यातलं कळत नाही बाई." माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. औंधच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा ट्रेड केला होता. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, एवढंच. बाकीचं चित्रांसमोर उभं राहून शिकले. आमच्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, हजारो माणसं रोज मशिनची ड्रॉइंग वाचतात. कागदावरच्या चार रेघांवरून लोखंडाचा अख्खा भाग डोळ्यांसमोर उभा करणाऱ्या माणसांना चित्र वाचता येणार नाही, हे मला मान्य नाही. म्हणून बसलेल्या बाईची आधुनिक चित्रं बघताना मला जे उमगलं, ते इथे मांडते.

१. चित्राखालची पाटी शेवटी वाचा.

ड्रॉइंग हातात आलं की आम्ही आधी उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाचायचो: भागाचं नाव, मटेरियल, स्केल. चित्राच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. नाव आधी वाचलं की डोळे त्या नावापुरतंच शोधतात. 'आई' वाचलं की आई दिसते आणि बघणं तिथेच थांबतं. आधी चित्र, मग चित्रकार, मग साल, आणि नाव सगळ्यात शेवटी.

२. ती कशावर बसली आहे ते बघा.

बसलेल्या बाईच्या चित्रात मी चेहऱ्याच्या आधी बैठक बघते. मांडी घालून बसलेली, एक गुडघा उभा करून बसलेली, उकिडवी बसलेली, पाय सोडून भिंतीला टेकलेली, या चौघींचं घरातलं स्थान वेगवेगळं असतं. उकिडवं बसणारीला लगेच उठायचं असतं. पाय सोडून बसलेलीला निदान घटकाभर कुणी हाक मारणार नसतं. खुर्ची आपल्याकडच्या बहुतेक बायकांना फार उशिरा मिळाली, आणि अनेकींना ती पहिल्यांदा मिळाली ती फोटोच्या स्टुडिओत. जुन्या अल्बममधली आजी खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली असते ती त्यामुळेच. त्या खुर्चीत ती पाहुणी असते.

युरोपातल्या चित्रांत खुर्ची सहज येते. सेझानं आपल्या बायकोची, ऑर्तान्सची, तीसच्या आसपास तैलचित्रं केली. त्यातल्या १८७७ च्या सुमाराच्या एका चित्रात ती मोठ्या लाल आरामखुर्चीत बसलेली आहे. ती खुर्ची इतकी ठाम आहे की चित्रात दोन व्यक्ती असल्यासारख्या वाटतात. ऑर्तान्सच्या चेहऱ्यावर राग-लोभ काही नाही. तिचे एकमेकांत गुंतवलेले हात मात्र बघण्यासारखे आहेत.

आता आपल्याकडे या. अमृता शेरगिल यांचं १९३५ चं 'तीन मुली' हे चित्र घ्या. या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघी दाटीवाटीनं बसलेल्या आहेत, पण कशावर, ते दिसत नाही. मागे घर नाही, खिडकी नाही, चटई नाही. तिघींपैकी कुणीही आपल्याकडे बघत नाही, एकमेकींकडेही नाही. घर का काढलं नसेल? मला वाटतं, ज्या मुलींचं पुढचं आयुष्य दुसरेच ठरवणार आहेत, त्यांना बसायला स्वतःची अशी जागा चित्रकर्तीनं मुद्दामच दिलेली नाही. कुणाला दुसरं काही वाटेल. वाटू द्या, पण ते वाटणं चित्रातल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

बी. प्रभा यांच्या बायका जमिनीवर बसतात. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेल्या या चित्रकर्तीचं नाव आपल्या घरांत का पोचलं नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे. आधी नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्या शिकल्या. पुढे त्यांनी शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न केलं. एअर इंडियानं त्यांची चित्रं विकत घेतली. कोळणी, शेतावरच्या बायका, दुष्काळात घर सोडून निघालेल्या बायका हे त्यांचे विषय. मान प्रमाणाबाहेर लांब, डोकं लहान, बोटं काडीसारखी, आणि एका चित्रात एकाच रंगाची सत्ता. मासळीच्या टोपलीशेजारी बसलेली त्यांची कोळीण थकलेली असते, पण वाकलेली नसते. लांब मानेचं काम तेच आहे. नेहमीच्या प्रमाणात मान काढली असती तर फक्त थकवा दिसला असता.

३. तिच्यासारखं बसून बघा.

हा उपाय मी आमच्या सोसायटीतल्या बायकांना नेहमी सांगते. चित्रातली बाई जशी बसली आहे तसं बसा, आणि पाच मिनिटं हलू नका. कुठे रग लागते, वजन कुठे पडतं, कोणता हात मोकळा राहतो, ते शरीर सांगतं. हुसेन यांच्या चित्रासारखं, उशी मांडीवर आडवी घेऊन आमच्याकडे बसलेली एक शेजारीण म्हणाली, "डावा हात आखडला माझा." मग तिनं उठून चित्रातला हात पुन्हा बघितला. मूल मांडीवर झोपलं की आईचा एक हात अडकूनच पडतो. त्या चित्रात हात मोठे आहेत आणि ठळक आहेत, कारण चेहऱ्याचं सगळं काम हातांवर आलेलं आहे. तिला हे मी सांगितलं नव्हतं.

४. वाकडं काढलं म्हणजे सरळ काढता येत नव्हतं, असं समजू नका.

शेरगिल पॅरिसमध्ये रीतसर शिकल्या आणि तिथल्या सलों या चित्रप्रदर्शनात १९३३ साली त्यांना सुवर्णपदक मिळालं, ते अगदी हुबेहूब शैलीतल्या चित्रासाठी. हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली. नट-नटीचा चेहरा ओळखू आला नसता तर ते काम त्यांना कुणी दिलं नसतं. पिकासोची विद्यार्थीदशेतली रेखाटनं बघा, हात किती तयार होता ते कळेल. हुबेहूबपणा या सगळ्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी विचार करून बाजूला ठेवला.

५. फ्रंट व्ह्यू आणि साइड व्ह्यू एकाच कागदावर असू शकतात.

आमच्या ड्रॉइंगमध्ये एकच भाग समोरून, वरून आणि बाजूनं असा तीनदा काढलेला असतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारा व्ह्यू खाली येतो आणि डावीकडून दिसणारा उजवीकडे. आतली रचना दाखवायची असेल तर भाग मधोमध कापल्यासारखा दाखवून सेक्शन काढतात आणि कापलेल्या जागी हॅचिंग करतात. भाग खराच कापलेला आहे असं कोणताही टर्नर समजत नाही. एका जागी उभं राहून जे एकदम दिसूच शकत नाही ते सगळं एका कागदावर हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी १९०७-०८ च्या सुमारास जे सुरू केलं, त्यात शिरायला मला याच वाटेनं मदत झाली. पिकासोनं १९३७ मध्ये केलेलं डोरा मारचं चित्र घ्या. ती खुर्चीत बसली आहे, एक हात गालाला टेकवला आहे, नखं लांब आहेत. नाक बाजूनं दिसतं, पण डोळे दोन्ही दिसतात. साइड व्ह्यू आणि फ्रंट व्ह्यू एकत्र. फरक इतकाच की आम्ही तीन व्ह्यू वेगवेगळे मांडतो आणि मधे रेघा सोडतो, पिकासोनं त्या रेघा पुसून व्ह्यू एकमेकांत बसवले. आमचं ड्रॉइंग वाचून भाग तयार करायचा असतो, त्यामुळे तिथे दोन अर्थ निघाले तर माल रिजेक्ट होतो. चित्रात दोन अर्थ निघाले तर काहीच बिघडत नाही. डोरा मार स्वतः फोटोग्राफर होती आणि पिकासोचं 'गर्निका' हे चित्र टप्प्याटप्प्यानं आकार घेत असताना त्याचे फोटो तिनंच काढले. दुसऱ्यांकडे बघणं हाच जिचा व्यवसाय, तिचे दोन्ही डोळे आपल्याकडे वळवून ठेवावेत असं चित्रकाराला वाटलं, हे मला फार पटतं. तिच्याभोवतीची खोली मात्र इतकी अरुंद आहे की तिला उठून उभं राहता येईल असं वाटत नाही. हेही बघायचं.

६. काय गाळलं आहे ते शोधा. मला सगळ्यात जास्त देणारी गोष्ट हीच.

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. ते दीड वर्षांचे असताना त्यांची आई झैनब वारली. तिचा फोटो नव्हता. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. माझ्या भिंतीवरचं चित्र ज्यातलं आहे ती मदर तेरेसांवरची मोठी चित्रमालिका त्यांनी १९८० नंतर केली. त्या वेळी मदर तेरेसांचा चेहरा जगभर ओळखीचा होता. १९७९ सालचं नोबेल मिळाल्यावर तो सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलेला. असा सगळ्यांना ठाऊक असलेला चेहरा हुसेन यांनी गाळला आणि साडी, हात, मांडी आणि मूल तेवढं ठेवलं. आता माझ्या घरातला प्रश्न पुन्हा विचारा: चेहरा काढायचा राहिला का? राहिलाच होता, पंढरपुरातल्या त्या लहान मुलाच्या आईचा. त्याच्या आठवणीत मांडी होती की नव्हती, साडीचा काठ होता की नव्हता, आपल्याला सांगता येणार नाही. पण चित्रातली रिकामी जागा त्यानं भरून टाकली नाही. एखादा सुंदर, दयाळू चेहरा रंगवणं त्या हाताला मुळीच अवघड नव्हतं.

याच्या शेजारी पिकासोचं गर्ट्रूड स्टाइनचं चित्र ठेवून बघावं. १९०५-०६ मधलं. ही लेखिका चित्रासाठी त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन बसली. ऐंशी-नव्वद बैठका झाल्या असं ती सांगत असे. इतकं झाल्यावर त्यानं चेहरा पुसून टाकला आणि तो स्पेनमधल्या गोसोल या खेड्यात निघून गेला. परत आल्यावर, ती समोर नसताना, त्यानं चेहरा पुन्हा काढला, आणि तो निघाला जुन्या आयबेरियन दगडी शिल्पासारखा, मुखवट्यासारखा. अंग मात्र सैल, जड, पुढे झुकलेलं, हात गुडघ्यांकडे. चेहरा आणि देह जणू दोन वेगळ्या काळांतले आहेत. स्टाइननं हे चित्र आयुष्यभर जपलं आणि १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिलं.

एका चित्रकारासमोर बाई रोज बसलेली होती आणि तरी चेहरा पुसावा लागला. दुसऱ्यासमोर बाई कधी बसलीच नाही. ही दोन चित्रं एकत्र बघितल्यापासून 'हुबेहूब काढलंय' ही मला पहिल्यासारखी मोठी स्तुती वाटत नाही.

७. आपले डोळे कुठे घडले ते माहीत करून घ्या.

चिंचवड स्टेशनवर लोणावळ्याची लोकल पकडली की लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी तो मळवलीला आला. श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो पुढे विकत घेतला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती देशभर गेल्या. आपल्या देवघरांत, दुकानांत, कॅलेंडरांवर बसल्या. खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जी येते ती तीच. गोरी, गोल चेहऱ्याची, नीट नेसलेली, नितळ. रविवर्मांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण चार पिढ्या तेच बघितल्यावर आपल्याला वाटायला लागलं की बाईचं चित्र म्हणजे हेच, आणि यापेक्षा वेगळं ते बिघडलेलं. त्याच सरस्वतीला चार हात आहेत, हे मात्र आपल्याला खटकत नाही.

८. अमूर्त आपल्याला परकं नाही.

माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावर जाऊन मुकाट्यानं खडे वेचून आणायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, तिसऱ्या दिवशी निरोप द्यायचा. माहेरवाशीण म्हणून ज्या येतात त्या दोन-चार इंचांचे दगड असतात. नाक नाही, डोळे नाहीत, पदर नाही. आईनं त्यांच्याकडे बघून कधी "चेहरा कुठाय?" असं विचारलं नाही. रहाटणीत लग्न होऊन आले तर इथे उभ्या गौरी, मुखवट्याच्या, साडी नेसवलेल्या, दागिन्यांनी मढवलेल्या. त्याही गौरीच. दोन्हींपुढे वाकताना मला काही अडलं नाही.

माहूरची रेणुका घ्या. तिथे नुसतं मुख आहे, देह नाही. हुसेन यांच्या चित्रात देह आहे, मुख नाही. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात. गावोगावच्या देवळांत देवीचा तांदळा असतो, शेंदूर माखलेला, घडवलेला आकार नसलेला दगड, आणि त्यावर चांदीचे डोळे. वारल्यांच्या भिंतीवरची बाई म्हणजे टोकाशी जुळवलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. जिव्या सोमा मशे यांनी तेवढ्यातून शेत, लग्न, नाच, सगळं उभं केलं. इतकं सगळं बघायची सवय असलेली माणसं चित्राच्या दालनात शिरली की बिचकतात. मला वाटतं, चपलांबरोबर श्रद्धाही बाहेरच ठेवायची, ती आत आणायची परवानगी नाही, अशी काहीतरी समजूत झालेली आहे. तशी काही परवानगी लागत नाही.

आणि अजिंठा. सोळाव्या लेण्यात, जे वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्यानं पाचव्या शतकात कोरवून घेतलं, तिथे एक बसलेली बाई आहे. 'मरणासन्न राजकन्या' या नावानं ती प्रसिद्ध आहे, पण कथा नंदाच्या बायकोची, सुंदरीची: नवरा भिक्षू होणार हे तिला नुकतंच कळलं आहे. मान कलंडली आहे, बोटं निर्जीव झाली आहेत, दासी मागून आधार देते आहे. शरीराची रेघ वरपासून खालपर्यंत ओघळत जाते. खरं हाड-मांस असं ओघळत नाही. दुःखाचं वजन दाखवण्यासाठी त्या अनाम चित्रकारानं शरीर बदललं. शेरगिल १९३६-३७ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला आल्या आणि त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांतल्या बायका साध्या, सपाट, भरीव होत गेल्या. पॅरिसहून आलेल्या चित्रकर्तीला पुढची दिशा आपल्या मातीतल्या भिंतीनं दाखवली.

९. नावडतं ते नावडतं म्हणा, पण का ते सांगा.

मोठं नाव आहे म्हणून मान डोलावू नये. पिकासोच्या काही बसलेल्या बायका मला सहन होत नाहीत. खुर्चीला जखडलेल्या, दात विचकलेल्या, जणू कुणीतरी त्यांच्यावर सूड उगवला आहे. आकार मोडण्यामागे कुतूहल आहे की राग, हे रेघेत दिसतं. चित्रकार सोझा गोव्याचे, आपले. त्यांच्या रेघेची ताकद मी मानते, पण त्यांच्याही बऱ्याच बायकांबद्दल मला तेच वाटतं. बी. प्रभांनीही बाईचं शरीर ताणलं, प्रमाण मोडलं, पण त्या बाईच्या बाजूनं उभ्या राहिल्या. निवड करायचीच झाली तर माझी निवड ठरलेली आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांची चित्रं रंगीत आणि मोठी छापली जावीत असं मला कळकळीनं वाटतं.

१०. छापील प्रतीवर थांबू नका.

माझ्या भिंतीवरचं चित्र हातभर आहे. हुसेन यांचे कितीतरी कॅनव्हास माणसापेक्षा मोठे असतात. कागदावर ब्रशचा जोर दिसत नाही, रंगाचा थर दिसत नाही. चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्स्प्रेस मुंबईला जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून चालत काळा घोड्याला जाता येतं. तिथे १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, आणि थोडं पुढे, १९९६ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. जहांगीरमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मुलांना घेऊन जा, सासूबाईंना घेऊन जा. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहा, बाकीची सोडून दिली तरी चालतील. आणि बरोबरच्या माणसाला "हे काय आहे?" असं विचारण्याआधी विचारा, "ती कशी बसली आहे?"